ओटीजीत एका वेळी काय काय लावायचं?

नवा ओटीजी आणलास, बरं केलंस. पण रविवारी पाहुणे येणार म्हणून चिकन, बटाटे आणि केक एकदमच आत ढकलायचा बेत असेल, तर केक त्यातून वगळ. तो सकाळीच 170 अंशांवर करून ठेव. कांदा-लसूण मसाल्याच्या चिकनशेजारी त्याला वास लागणारच. माझी गुळाची नानकटाई एकदा अशीच चिकनच्या वाफेनं मऊ पडली. सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला आणि एवढंच विचारलं, "ह्याच्यासंगं पांढरा रस्सा कुठाय?"

चिकन-बटाट्याची जोडी मात्र खुशाल लाव, 200 अंशांवर दोन्ही होतात. चिकन खाली ठेव, नाहीतर कच्च्या चिकनचं पाणी बटाट्यांवर ठिबकतं. शिवाय वरच्या कॉइलजवळ आपला मसाला पटकन करपतो, त्यातलं खोबरं आधीच भाजलेलं असतं ना! ट्रेच्या कडेनं दोन बोटं जागा सोड, हवा फिरली पाहिजे. फॅन असेल तर चालू ठेव. अर्ध्या वेळानं ट्रे फिरवून मागची बाजू पुढं आण. वरखाली अदलाबदल नको.

दोन ट्रे असले की 10-15 मिनिटं जास्त लागतात, आणि सारखं दार उघडून बघितलंस तर आणखी. बटाटे आधी लाल झाले तर काढून घे. चिकनचं रंगावर ठरवू नको. थर्मामीटर हाडाला न टेकवता जाड भागात खुपस, 74 अंश दाखवला की झालं.