एनआयसीयूतल्या बाळाच्या रक्तात एमआरएसए निघाला. आईच्या हातानं लागला असेल का?

तुम्ही लिहिलंय की बाळ गर्भाच्या ३० आठवड्यांनाच जन्मलं, पुण्यात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे आणि बाराव्या दिवशी रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, एमआरएसए निघाला. तेव्हापासून ‘माझ्याच हातानं लागलं’ म्हणत तुमची पत्नी आत जायला तयार नाही. मी पुण्यातच बावीस वर्षं नवजात विभागात सिस्टर होते. आधी तिच्यासाठी सांगते : तिला आत पाठवा. बाळाला ती हवी आहे.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू दहांतल्या तीनेक धडधाकट माणसांच्या नाकात काही त्रास न देता राहतो. औषधांना न जुमानणारा त्याचा प्रकार म्हणजे एमआरएसए. तो त्याहून कमी लोकांत सापडतो, पण तो डॉक्टर, सिस्टर, मावशी, आई, कुणाच्याही अंगावर असू शकतो. एका बाळाला तो नेमका कुणाकडून आला, हे बहुतेक वेळा कळतच नाही. आईच्या रक्तातली प्रतिकारशक्ती बाळाकडे जाते ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. तुमचं बाळ ती पुरती मिळण्याआधीच बाहेर आलं. कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी, त्यात सलाईनच्या लाईन्स. जंतूला आत शिरायला एवढं पुरतं.

माझे वडील पिंपरीच्या एचएमध्ये, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये कामाला होते. पेनिसिलिन देशातच बनावं म्हणून १९५४ साली सरकारनं ही कंपनी काढली. पण तोवर जगभरच्या इस्पितळांत पेनिसिलिन पचवणारे स्टॅफिलोकॉकस पसरले होते. मग १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन हे नवं औषध आलं आणि १९६१ साली इंग्लंडमधून त्यालाही दाद न देणाऱ्या जंतूची नोंद झाली. ही औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला धरून बसतात. एमआरएसए तेच काम दुसऱ्या, वेगळ्या प्रथिनाकडून करून घेतो, औषधाला धरायला जागाच उरत नाही. मेथिसिलिन आता कुणी वापरत नाही, नावात तेवढं राहिलंय. पेनिसिलिनच्या जातीची ही औषधं चालत नाहीत, म्हणून तुमच्या बाळाला व्हॅन्कोमायसिन हे वेगळं औषध चालू केलं असेल. ते किडनीला जड जाऊ शकतं, म्हणून मधूनमधून रक्त काढतात. त्याला घाबरू नका.

उद्या डॉक्टर भेटले की विचारा, जंतू रक्तात वाढला की नाकाच्या, कातडीच्या स्वॅबमध्ये, म्हणजे कापसाच्या काडीनं पुसून घेतलेल्या नमुन्यात? स्वॅबमध्ये असेल तर तो बाळाच्या अंगावर नुसता बसलेला असू शकतो. तुम्ही रक्त म्हणताय, म्हणजे उपचार लागणारच. औषध सुरू झाल्यावर पुन्हा कल्चर पाठवलं का, ते स्वच्छ आलं का, जुनी लाईन काढली का, हेही विचारा. आणि एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघत राहा : बाळ एखादा हात किंवा पाय हलवत नाही का, लंगोट बदलताना मांडीशी हात गेला की कळवळून रडतं का. हा जंतू रक्तातून हाडात, सांध्यात जाऊन बसू शकतो. असं काही दिसलं तर राउंडची वाट न बघता त्याच क्षणी सिस्टरला सांगा. एका बाळाच्या खुब्याचं दुखणं त्याच्या आजीनं आमच्याआधी ओळखलं होतं.

आमच्याकडे एकदा आठवड्यात तीन बाळांना हाच जंतू निघाला. शोधताना लक्षात आलं की डोक्याचा घेर मोजायची टेप सगळ्यांना एकच होती. ती टेप मीही रोज वापरत होते. तिच्यामुळेच झालं हे सिद्ध झालं नाही, पण त्या दिवसापासून प्रत्येक बाळाची टेप आणि स्टेथोस्कोप वेगळा झाला. ती तीन बाळं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. म्हणून सांगते, कुणी हात न धुता बाळाला हात लावताना दिसलं तर संकोच न करता टोका. चांगली सिस्टर रागावणार नाही.

पत्नीला सांगा, कोपरापर्यंत हात मोकळे हवेत. घड्याळ, अंगठी, मनगटाचा धागा बाहेर ठेवायचा. ओल्या बाळंतिणीनं हिरव्या बांगड्या उतरवायच्या नाहीत, असं घरचे म्हणतील. आमच्याकडे कितीतरी सासूबाई दारात अडून बसायच्या. त्यांना समजावा की बांगड्या वाढवायच्या नाहीत, फक्त डब्यात ठेवायच्या आहेत. साबणानं चाळीस सेकंद तरी, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, नखांखाली हात धुवायचे. मोबाईलला हात लागला की पुन्हा. अंगाऱ्याची पुडी बाळाच्या काचेच्या पेटीत ठेवू नका, तो घरच्या देवापाशी राहू दे.

तिचं दूध थांबवू नका. स्तनावर गळू किंवा पू असेल तरच आधी डॉक्टरांना दाखवा. बाळ स्थिर झालं की कांगारू केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं, कधी सुरू करता येईल, हे तिनं स्वतः विचारावं. आईच्या कातडीवरचे साधे, निरुपद्रवी जंतू बाळाच्या अंगावर जागा धरतात, ते आपल्याला हवेच आहेत. तोवर पेटीच्या खिडकीतून एक हात डोक्यावर, एक पावलांवर, असा नुसता ठेवू दे. चोळायचं, थोपटायचं नाही. एवढ्या लहान बाळाला स्थिर हातच आवडतो, मॉनिटरवरचे ठोके संथ होताना तिला दिसतील.