पावसात शाळा सारखी बंद असते, दुसरीतल्या मुलीकडून घरी काय करून घ्यावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी दुसरीत आहे, रत्नागिरीकडे राहता, रेड अलर्ट आला की शाळेला सुट्टी, वर्कशीटचं मोठं बंडल आणलंय पण दोन पानं झाली की ती रडायला लागते, मग घरी नेमकं घ्यायचं काय. मी देवगड तालुक्यात राहते, खाडीच्या काठाला, माझी मोठी आता पाचवीत आहे आणि धाकटा पहिलीत, आणि हे बंडल आणि रडणं सगळं आमच्या घरात झालेलं आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी शिक्षिका नाही, पण मुलांबरोबर रोज बसते.

माझं म्हणणं एवढंच की वर्कशीट काही दिवस कपाटात ठेवून द्या आणि घरात जे काम खरोखर करायचंच आहे त्यात तिला घ्या, त्यातलं मोजणं आणि लिहिणं पूर्ण तिच्यावर सोपवा. खरं काम पाहिजे पण. मुलांना गुंतवायला म्हणून काढलेलं काम त्यांना लगेच ओळखू येतं, आणि आपण मोजलेल्यावर घरात कोणीतरी अवलंबून आहे हे कळलं की तीच मुलं दोन-दोनदा मोजून बघतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझी मोठी दुसरीत असताना हातच्याच्या वजाबाकीला अडली होती. आम्ही वर्षाचे पैसे भरून एक ॲप घेतलं, त्यात चुकलं की लाल फुली यायची, मग ती अंदाजाने एकेक उत्तर दाबत बसायची आणि बरोबर आलं की पुढे. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की तिला वजाबाकी तर नाहीच, मुळात 52 आणि 25 यातच गोंधळ आहे. पंचवीस म्हटलं की आधी पाच ऐकू येतं म्हणून ती आधी 5 लिहायची आणि मग 2. यात पोरीचं काही चुकत नव्हतं, आपली मराठी संख्यानामं आहेतच तशी, एकक आधी आणि दशक मागून, त्यात जोडाक्षरं, सत्त्याहत्तर काय अडुसष्ट काय. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता आठवत असेल, मंगला नारळीकर त्या वेळी गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि जोडाक्षरं नीट येत नाहीत तोवर मुलांना हे सोपं जातं असं त्या सांगत होत्या. तेव्हा मलाही ते विचित्र वाटलेलं. पण घरात पोरगी रोज 25 च्या जागी 52 लिहायला लागली तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. मी अजूनही दोन्ही वापरते, 'पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच', एका दमात.

आणि मग हीर, म्हणजे माडाच्या पातीच्या मधली काडी. माडाची झापं आपल्या खळ्यात पडलेली असतातच, खराटा बांधायला सासूबाई हीर काढतच होत्या, मी म्हटलं याच्या दहा-दहाच्या जुड्या तू बांधून दे. दहा हीर, एक रबर, झाली जुडी. साधारण वीतभर लांबीचे तुकडे वेगळे करून घेतले आमच्यासाठी. मग खेळ असा की मी ओटीवर बसून सांगायची 'त्रेचाळीस आण' आणि ती आतून चार जुड्या आणि तीन सुटे घेऊन यायची. एकोणतीस सांगितलं तेव्हा दोन जुड्या आणल्या आणि गप्प उभी राहिली. तेव्हा सांगितलं, तीन जुड्या आण आणि त्यातला एक हीर मला परत दे, एक उणा म्हणून एकोणतीस. एकोणचाळीस, एकोणपन्नास तिने त्याच दिवशी आपलं आपण केलं. (एकोणनव्वद झाल्यावर मात्र सांभाळा, पुढच्या नव्याण्णवला एकोण लागत नाही, तिथे मुलं अडकतात.) हातच्याची वजाबाकी पण यातूनच सुटली. बत्तीसमधून सात द्यायचे तर सुटे दोनच आहेत, मग एक जुडी सोडावीच लागते, रबर काढला की बारा सुटे होतात. 'शेजाऱ्याकडून एक घेतला' असं आम्हाला शिकवलं होतं ते मला स्वतःला कधी कळलं नव्हतं, जुडी सोडणं तिला एका संध्याकाळी कळलं.

दुसरी गोष्ट मापं. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर जुनी मापं नक्की कुठेतरी असतील, माळ्यावर, नाहीतर तांदळाच्या डब्यात. आमच्याकडे चिपटं, मापटं, शेर आणि पायली आहे. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं काही मला सापडलं नाही. पाव शेर म्हणजे एक चिपटं, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन, आणि हे हातात येतं, भाकरीचे आणि पिझ्झाचे तुकडे रंगवत बसावं लागत नाही. रोजचा भाताचा तांदूळ मोजायचं काम मोठीला दिलं, पाहुणे आले तर किती वाढवायचा ते पण तिनेच आजीला विचारून ठरवायचं. सासूबाईंना जुनी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ आहे, दोनाला दीड, तिनाला सव्वादोन, चाराला तीन, त्या म्हणायच्या आणि मोठी समोर परातीत ओतून बघायची. 'वायच सावकाश वत गो, तांदूळ सांडतत.' तीन चिपटी, परत तीन, परत तीन, परत तीन, मग सगळं शेराने मोजलं तर बरोबर तीन शेर भरले. ती ओरडलीच, 'आजये, चार पाऊण म्हणजे तीन!' पुस्तकात अपूर्णांक यायला अजून अवकाश होता.

हे इतकं लांबवून सांगते कारण त्या पाऊणकीनेच पुढे भरती काढता येते. तुम्ही किनाऱ्यावरच्या आहात, घरातल्या मोठ्यांना विचारा, तिथीला पाऊणने गुणलं की साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती येते, दुसरी साडेबारा तासांच्या आसपास पुढे, आणि भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते कारण चंद्र तोवर थोडा पुढे गेलेला असतो आणि आपली जागा परत त्याच्यासमोर यायला तेवढा वेळ लागतो, आणि पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं, म्हणून तो जुना हिशेब इतका जवळ येतो. आम्ही महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघून मोठीने आधी वेळ काढायची आणि मग धक्क्यावर जाऊन पाणी किती पायऱ्या चढलंय ते मोजायचं असं केलं. वेळ अगदी तंतोतंत जुळत नाही, कधी अर्धा तास इकडे कधी तिकडे, आणि ते जुळलं नाही तेव्हाच ती जास्त प्रश्न विचारायची. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाचं पाणी वरच्या पायरीपर्यंत आणि अष्टमी-नवमीला भांग, पाणी चढतही कमी आणि उतरतही कमी, हे तिने पायऱ्या मोजून वहीत लिहून काढलं. घड्याळ, गुणाकार, तिथी, चंद्र, सगळं एका वहीत आलं. पण हे ऑक्टोबरनंतर करा आणि कायम मोठं माणूस सोबत पाहिजे, पावसात मुलांना धक्क्यावर नेऊ नका, पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि लाट कधी येईल सांगता येत नाही.

आत्ता पावसात करायचं असेल तर पाऊस मोजा. सरळ भिंतीची बाटली किंवा डबा घ्या, बाटली असेल तर वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवा, तळ गोलसर असेल तर आत खडे आणि पाणी घालून सपाट करा आणि तिथून शून्य धरा, पट्टी चिकटवा. ठेवायचं मात्र उघड्यावर, पागोळीखाली नाही, नाहीतर छपराचं पाणी मोजलं जातं. रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचून कॅलेंडरच्या चौकोनात मिलिमीटर लिहायचे आणि ओतून टाकायचं. हवामान खातं 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार म्हणतं, 115.6 पासून अतिमुसळधार, 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार. तुमच्या मुलीला आपल्या बाटलीत कुठला पाऊस पडला ते स्वतः ठरवता येतं, बातम्या लागायच्या आधी. दुसरीला एवढं पुरे. मोठी आता पाचवीत आहे म्हणून यंदा तिला पुढचं दिलं, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, आमच्या पडवीचं छप्पर 12 चौरस मीटर, एका दिवशी 70 मिलिमीटर पडला, म्हणजे 840 लिटर, पंधरा लिटरचे 56 हंडे. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं की आम्ही किती खेपा घालतो ते तिला माहीत आहे, ती त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसली, आणि त्याच आठवड्यात तिच्या बाबांनी पडवीला पन्हळ लावून पिंप ठेवलं.

मासळीचं थोडक्यात सांगते. वाटा घ्यायला मुलांना सोबत न्या, वाट्यात किती बांगडे, किती रुपयाला, मग एक केवढ्याला पडला, सुट्टे किती परत आले. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, ते 61 दिवस कसे होतात ते कॅलेंडरवर खुणा करून धाकट्याने मोजले, आणि होड्या कधी सुटणार याची घरात वाट बघणारा माणूस तोच असतो त्यामुळे एकही दिवस चुकला नाही. हळदीच्या कागदाचा प्रयोग पण एकदा करा, वहीचा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, त्यावर साबणाच्या पाण्याने चित्र काढलं की लाल उमटतं आणि वर लिंबाचा थेंब टाकला की तो लाल परत पिवळ्याकडे येतो, एक दुपार मजेत जाते.

वाचन-लेखनाबद्दल मला मनापासून एक सांगायचंय. घरी मुलांशी आपल्या बोलीत बोला, तुमच्याकडे जी असेल ती. आमच्याकडे मालवणी आहे, मोठी पहिलीत 'खय' लिहून आली तर वहीत लाल रेघ आली आणि मग ती शाळेत महिनाभर तोंड उघडेना, कोणाला दोष देत नाही, पण ते दिवस मी विसरले नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात पण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत, मातृभाषेत शिकवावं असंच म्हटलंय. आम्ही एक वही केली, मधे रेघ, डावीकडे घरचा शब्द आणि उजवीकडे पुस्तकातला. खय – कुठे. चेडू – मुलगी. वायच – थोडं. गजाल – गप्पा, गोष्ट. शब्द सांगायचे आजीने आणि लिहायचे मुलीने, आता त्या वहीत दोनशेच्या वर शब्द झालेत आणि धाकट्याने त्यातूनच वाचायला सुरुवात केली, कारण त्याला डावीकडचा शब्द आधीच येत असतो. त्याशिवाय बाजाराची यादी, आजीची आमसुलांची कृती, मुंबईच्या काकांना गणपतीला कधी येताय म्हणून पत्र, हे सगळं मुलांनी लिहायचं. शुद्धलेखन मी लगेच तपासत नाही. काकांना पत्र वाचता आलं नाही तर ते फोन करतात, मग मोठी स्वतः दुरुस्त करते.

पुस्तकं हवी असतील तर बालभारतीची सगळी त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, पैसे घालवू नका. मोबाईल मी पूर्ण बंद केला नाही, आमच्याकडे पावसात नेटवर्कच नसतं बऱ्याचदा, पण तांदूळ मोजताना आणि लिहिताना तो आत राहतो, माझासुद्धा.

वेळ म्हणाल तर दिवसाला अर्धा तास बस, तोही सलग नको. ती रडायला लागली तर तिथेच थांबवा आणि उद्या परत काढा, आमचं तसंच चालतं. आणि हीर काढाल ते सुकलेल्या झापाचे काढा, हिरव्या झापाचे ओले असतात, चार दिवसांत सुकून आकसतात आणि जुड्यांचे रबर ढिले होऊन सगळे सुटतात. पावसात सुकं झाप मिळालं नाही तर घरातल्या जुन्या खराट्याचे घ्या, धुऊन, चुलीजवळ सुकवून.