आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तरी बिनमार्कचा माल राजरोस कसा विकला जातो? सरकार नेमकं तपासतं तरी कसं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या तापकीर गल्लीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, पाणी तापवायचा इमर्शन रॉड घेतला, घरी येऊन बघितलं तर त्यावर आयएसआय मार्कच नाही. परत करायला गेलात तर दुकानदार म्हणाला, ‘सगळे हाच नेतात, काही होत नाही.’ म्हणून तुमचा प्रश्न, की ही सक्ती नुसती कागदावरच आहे का?

कागदावर नाही. सक्ती खरी आहे आणि बऱ्यापैकी कडकही आहे, फक्त तिचा सगळा जोर कारखान्याच्या बाजूला आहे. दुकानाच्या बाजूला ती तक्रार आल्याशिवाय फारशी हलत नाही. मी भोसरी एमआयडीसीत पाणी तापवायची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो. आमच्याकडे आयएसआय मार्क छापायचं लायसन्स आहे, त्यामुळे ही यंत्रणा आतून बघायला मिळते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे सक्ती बीआयएस करत नाही. बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरो, मानकं तयार करतं आणि आयएसआय मार्क त्यांचाच. सिमेंटपासून कुकरपर्यंत हजारो मानकं आहेत आणि त्यातली बहुतेक आजही ऐच्छिक आहेत. एखादी वस्तू सक्तीच्या यादीत येते ती केंद्र सरकारच्या आदेशाने. २०१६ च्या बीआयएस कायद्याचं कलम १६ सरकारला तो अधिकार देतं. संबंधित मंत्रालय क्वालिटी कंट्रोल ऑर्डर काढतं, आमच्या बोलण्यात क्यूसीओ. त्यात वस्तू कोणती, मानक कोणतं आणि कोणत्या तारखेपासून, हे लिहिलेलं असतं. लहान आणि सूक्ष्म उद्योगांना बऱ्याचदा थोडी जास्त मुदत मिळते. खेळण्यांची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली, प्रेशर कुकरची त्याच वर्षी फेब्रुवारीत आणि दुचाकीच्या हेल्मेटची जूनमध्ये. तुमचा रॉड यांच्यापेक्षा बराच जुना. घरगुती विजेच्या वस्तूंची ऑर्डर २००३ सालची आहे आणि रॉडचं मानक आहे आयएस ३६८. म्हणजे ‘नियम नवा आहे, माहीत नव्हता’ असं म्हणायला त्या दुकानदाराला जागाच नाही.

आता कारखान्यात हे कसं चालतं ते सांगतो, कारण खरी अंमलबजावणी तिथेच होते.

लायसन्ससाठी अर्ज केला की बीआयएसचे अधिकारी येऊन कारखाना बघतात. मशिनरी बघतात, पण त्याहून जास्त वेळ प्रयोगशाळेत घालवतात. मानकातल्या चाचण्या करायची साधनं तुमच्याकडे आहेत का, त्यांचं कॅलिब्रेशन झालंय का, चाचणी करणाऱ्या माणसाला ती येते का. मग सॅम्पल सील होऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातं. ते पास झालं की लायसन्स मिळतं. त्यासोबत एक तक्ता येतो, त्याला स्कीम ऑफ इन्स्पेक्शन अँड टेस्टिंग म्हणतात. कोणती चाचणी प्रत्येक नगावर करायची, कोणती किती मालामागे एकदा करायची, नोंद कशी ठेवायची, हे सगळं त्यात असतं.

हे इतकं काटेकोर का, ते रॉडवरूनच सांगतो. रॉडच्या धातूच्या नळीत मधोमध तापणारी कॉइल असते. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पावडर ठासून भरलेली असते. ती उष्णता बाहेर जाऊ देते आणि वीज अडवते. पण ही पावडर ओल फार पटकन ओढते. नळीच्या दोन्ही तोंडांचं सील कच्चं राहिलं तर पावसाळाभर माळ्यावर पडलेला रॉड आतून दमट होतो आणि मग कॉइलमधली वीज नळीपर्यंत झिरपायला लागते. बाहेरून बघितलं तर रॉड नवाकोरा, चकचकीत! म्हणून आमच्याकडे लाइनवर प्रत्येक नगाला हाय व्होल्टेज देऊन बघतात, गळती करंट मोजतात, अर्थिंगची तार नळीपर्यंत नीट पोचलीय का ते तपासतात. एखादा नग नापास झाला की टेस्टरचा बझर वाजतो आणि तो नग लाल क्रेटमध्ये जातो. तो क्रेट मोजून, नोंद करून मोडीत काढायचा असतो. नळीचे सील बदलून तोच नग परत लाइनवर घालायचा नाही, हा आमच्याकडचा नियम.

तुमच्या रॉडचा प्लग बघा. दोन पिनांचा असेल तर त्याला अर्थिंगच नाही. आत बिघाड झाला तर वीज जाणार कुठे? बादलीतल्या पाण्यात, आणि तिथून बादलीत हात घालणाऱ्याच्या अंगात. दर थंडीत रॉडचा शॉक लागल्याच्या बातम्या येतात, त्या वाचल्या की मला राहवत नाही. तीन पिना आणि एक तार, एवढ्याशा पैशांसाठी हे चालू आहे.

लायसन्स मिळालं म्हणजे सुटलात असं नाही. त्यानंतर अधिकारी न कळवता येतात. गेटवर नाव लिहून थेट आत येतात, रजिस्टर मागतात, आदल्या आठवड्यातली एखादी तारीख काढून म्हणतात, ‘या दिवशी किती नग झाले, किती नापास?’ आकडा जुळला नाही तर तिथेच लेखी शेरा. मग डिस्पॅचला बांधून ठेवलेल्या खोक्यांतून स्वतःच्या हाताने एखादं खोकं निवडतात, त्यातले नग काढून सील करतात, सह्या होतात आणि ते बाहेरच्या प्रयोगशाळेत जातात. याशिवाय बाजारातून सॅम्पल उचलतात. म्हणजे साध्या गिऱ्हाइकासारखा दुकानातून आमचाच माल विकत घेऊन तपासायला पाठवतात. ही दुसरी पद्धत मला जास्त पटते, कारण गोदामातून आणि टेम्पोतून धक्के खाऊन गिऱ्हाइकाच्या हातात जे पोचतं, तेच तपासलं जातं.

सॅम्पल नापास झालं तर बहुतेक वेळा ‘स्टॉप मार्किंग’ येतं, म्हणजे मार्क छापणं बंद. सक्तीच्या वस्तूत याचा अर्थ विक्रीच बंद. कारण शोधा, दुरुस्त करा, पुन्हा सॅम्पल द्या, ते पास झाल्यावरच मार्क परत सुरू. नाहीच सुधारलं तर लायसन्स निलंबित होतं, शेवटी रद्द. सदोष माल बाजारातून परत मागवायला लावायचा अधिकारही कायद्यात आहे. एकाच वस्तूवर पोट असलेल्या छोट्या कारखान्याला दंडापेक्षा या स्टॉप मार्किंगचीच धास्ती जास्त असते. दंड भरता येतो, पण महिनाभर माल गेला नाही तर पगार कुठून द्यायचे?

ही झाली लायसन्स असलेल्यांची गोष्ट. ज्याने लायसन्स घेतलंच नाही त्याचं रजिस्टर कोण बघणार? त्याचा पत्ताच यंत्रणेकडे नसतो. तिथे एकच हत्यार आहे, छापा.

त्याच बीआयएस कायद्याचं कलम १७ वाचलंत तर दुकानदाराचं ‘आम्ही फक्त विकतो’ हे म्हणणं टिकत नाही. सक्तीची वस्तू मार्कशिवाय बनवणं, आयात करणं, वाटणं, विकणं, भाड्याने देणं, साठवणं, एवढंच काय तर विक्रीसाठी मांडून ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. लायसन्स नसताना मार्क छापणं किंवा त्याची नक्कल करणंही त्याच कलमात येतं. शिक्षा कलम २९ मध्ये आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या वेळी किमान २ लाख रुपये दंड, दुसऱ्या वेळेपासून किमान ५ लाख, आणि हा दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. कैद आणि दंड दोन्हीही होऊ शकतात. बीआयएसच्या अधिकाऱ्यांना झडती आणि जप्तीचा अधिकार आहे. पंच बोलावतात, पंचनामा होतो, माल सील होतो, मग कोर्टात केस.

आणि हे छापे पडतात. जानेवारी २०२३ मध्ये देशभरातल्या खेळण्यांच्या दुकानांवर, त्यात मॉलमधली आणि विमानतळावरची मोठी दुकानंही आली, महिनाभरात ४४ ठिकाणी कारवाई करून सुमारे १८,६०० खेळणी जप्त झाली. मार्च २०२५ मध्ये दिल्लीत एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीच्या गोदामातून गीझर, मिक्सर वगैरे ३,५०० हून जास्त वस्तू उचलल्या, किंमत साधारण ७० लाख. आयात मालाचं दार बंदरावरच अडवलं जातं. परदेशी कारखान्यालाही बीआयएसचं लायसन्स लागतं, ते नसेल तर सक्तीच्या यादीतला माल न्हावा शेवाला कस्टममधून सुटायला नको.

पण हिशेब बघा. लायसन्सवाल्याकडे यंत्रणा ठरवून जाते आणि बिनलायसन्सवाल्याकडे कुणी सांगितलं तर जाते. जो नियम पाळतो तो मार्किंग फी भरतो, प्रयोगशाळा चालवतो, नापास नग मोडीत काढतो. जो पाळत नाही तो यातलं काहीच करत नाही आणि निम्म्या भावात रॉड विकतो. माझं स्पष्ट मत आहे की जितक्या वेळा अधिकारी कारखान्यात येतात, तितक्या वेळा त्यांनी घाऊक बाजारातही फिरलं पाहिजे. थंडी सुरू व्हायच्या आधी तापकीर गल्ली, शाळांना सुट्टी लागायच्या आधी खेळण्यांची घाऊक दुकानं, आणि रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटं तर बारा महिने. पुण्यात हेल्मेट घालावं की नाही यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो, मोर्चे काढले. पण घातलेलं हेल्मेट आयएस ४१५१ चं, म्हणजे हेल्मेटच्या मानकाचं आहे का, यावर कुणी चकार शब्द काढत नाही. दंड वाचवायला घेतलेली प्लॅस्टिकची टोपी डोकं वाचवत नाही.

मोबाइल, चार्जर, पॉवर बँक यांची पद्धत वेगळी आहे. तिथे आयएसआय मार्क नसतो, नोंदणी असते आणि वस्तूवर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. त्यात कारखान्याची पूर्वतपासणी होत नाही, प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर काम चालतं.

आणखी एक दार आहे, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं, ते जुलै २०२० पासून काम करतंय. बिनमार्कचे कुकर विकू दिल्याबद्दल त्यांनी २०२२ मध्ये मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना प्रत्येकी १ लाखाचा दंड ठोठावला, विकलेले कुकर परत मागवून गिऱ्हाइकांना पैसे द्यायला सांगितलं. त्याच प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये बिनमार्कच्या वस्तू घेऊ नका अशी जाहीर सूचना काढली होती, आणि त्या यादीत इमर्शन रॉड नावानिशी आहे. वैधमापन खात्याकडे मात्र यासाठी जाऊ नका. ते वजन, माप आणि छापील किंमत बघतात, आयएसआय मार्क त्यांच्या कामात येत नाही.

आता तुमच्या रॉडचं. आधी खोका आणि रॉड दोन्ही नीट बघा. खरा मार्क असेल तर वर आयएस ३६८ लिहिलेलं असतं, मधे आयएसआयची खूण आणि खाली सीएम/एल लिहून लायसन्सचा क्रमांक. नुसती खूण आहे आणि क्रमांक नाही, तर मार्क नाही असंच समजा. क्रमांक असेल तर फोनवर ‘बीआयएस केअर’ अॅप घेऊन त्यात टाका. कंपनीचं नाव, वस्तू आणि लायसन्स चालू आहे की बंद, हे लगेच दिसतं. क्रमांक खरा असतो पण दुसऱ्याच कंपनीचा, असाही माल येतो, तेव्हा नाव नक्की ताडून बघा.

तक्रार त्याच अॅपवरून करता येते किंवा बीआयएसच्या पुणे शाखेत लेखी देता येते. माहिती देणाऱ्याचं नाव ते गुप्त ठेवतात, त्यामुळे गल्लीत पुन्हा जायचं कसं याची काळजी नको. रॉडचा, खोक्याच्या सगळ्या बाजूंचा आणि दुकानाच्या पाटीचा फोटो जोडा. बिल पक्कं असेल तर फारच उत्तम. कच्चं बिल असेल, नुसती चिठ्ठी असेल, यूपीआयने पैसे दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट, जे असेल ते जोडा. ‘दुकानात असे नग ढिगाने आहेत’ हे तुम्ही स्वतः पाहिलं असेल तर अवश्य लिहा. छाप्याला जायचं की नाही हे ठरवताना अधिकाऱ्याला साठा किती आहे हेच हवं असतं. पैसे परत हवे असतील तर ते वेगळं काम आहे, त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

रॉड एकदाही वापरू नका. आणि रागाने फेकूनही देऊ नका, वायर कापून ठेवू नका. आहे तसा खोक्यासकट ठेवा, तपासायला मागितला तर तोच द्यावा लागेल.