दोर तुटला की तोडला? इंग्रजी क्रियापदांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं कोकणातल्या वेगवेगळ्या गावांहून आली आहेत. सोयीसाठी इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. जवळजवळ सगळ्या चुका एकाच जागी होतात: मराठी क्रियापदाचं शेपूट बघून इंग्रजी रूप निवडलं जातं. शेपूट बाजूला ठेवा आणि क्रिया कधीची, कोणाची, संपली की चालू आहे, एवढं आधी ठरवा.

तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर ‘वी आर हॅविंग थ्री रूम्स’, ‘आय सेंड यू लोकेशन’ असं लिहिते. मुलगी म्हणते दोन्ही चूक. आपण ‘आहेत’ म्हणतो, मग ‘आर’ का नको?

मुलीचं बरोबर आहे. ‘हॅव’चा अर्थ ‘जवळ असणं’ असेल तेव्हा त्याला आयएनजी लावत नाहीत. ‘वी हॅव थ्री रूम्स’ एवढंच लिहा. खोल्या असणं ही स्थिती आहे. आयएनजी मात्र चालू असलेल्या क्रियेला लागतं. म्हणूनच ‘द गेस्ट्स आर हॅविंग लंच’ हे बरोबर, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं. नो (माहीत असणं), अंडरस्टँड, वॉन्ट, नीड, बिलाँग, ओन (मालकीचं असणं) ही क्रियापदंही स्थितीची. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ म्हणायची सवय लावून घ्या.

काही क्रियापदं दोन्हीकडची असतात. ‘द सोलकढी टेस्ट्स साउअर’ म्हणजे सोलकढी आंबट लागते. ‘शी इज टेस्टिंग द सोलकढी’ म्हणजे ती मीठ बघायला चाखते आहे. शंका आली की स्वतःला विचारा: ‘हे आत्ता थांबव’ असं कोणाला सांगता येईल का? चाखणं थांबवता येतं, आंबट लागणं थांबवता येत नाही.

दुसरं वाक्य. ‘लोकेशन पाठवते’ असं आपण म्हणतो तेव्हा रूप वर्तमानकाळाचं असलं तरी आपण शब्द देत असतो. इंग्रजीत शब्द द्यायचा तर ‘विल’ हवं: ‘आय विल सेंड यू द लोकेशन.’ नुसतं ‘आय सेंड’ म्हटलं तर ‘मी नेहमी पाठवते’ असा अर्थ होतो. ‘आलेच हां’ हे तर मराठीत भूतकाळी रूप, पण माणूस अजून घरातच असतो. त्याचं इंग्रजी ‘आय केम’ नव्हे, ‘आय ॲम कमिंग’. वेळापत्रकाच्या गोष्टींना मात्र साधा वर्तमानकाळच शोभतो आणि तिथे मराठी-इंग्रजी जुळतात: ‘बोट नऊला सुटते’, ‘द बोट लीव्ज ॲट नाइन.’ माणसांनी आपसात ठरवलेल्या बेताला पुन्हा आयएनजी: ‘माय हजबंड इज पिकिंग यू अप फ्रॉम कुडाळ स्टेशन ॲट सिक्स.’

रत्नागिरीहून, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. ‘मी थिबा राजवाडा पाहिला आहे’ याचं ‘आय हॅव सीन’ होतं. मग ‘मी २०१९ मध्ये पाहिला आहे’ याचं ‘आय हॅव सीन इट इन २०१९’ का चूक?

कारण ‘हॅव सीन’ला तारीख सोसत नाही. मराठीत ‘काल मी त्याला सांगितलंय’ हे चालतं. मराठी ‘आहे’ कालच्या गोष्टीलाही बिनदिक्कत चिकटतं. इंग्रजीत ‘हॅव’ लावलं की बोलणारा आजच्या दिवसात उभा राहून मागे बघत असतो आणि कधी झालं ते सांगत नसतो. तारीख सांगितली की दार बंद झालं, साधा भूतकाळच घ्यावा लागतो: ‘आय सॉ इट इन २०१९.’ यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज ॲगो, ‘व्हेन’ने विचारलेला प्रश्न, हे सगळे बंद दाराचे शब्द. ‘व्हेन हॅव यू कम?’ ही चूक मुलाखतीत फार होते. ‘व्हेन डिड यू कम?’ असं विचारा.

राजवाड्याचंच उदाहरण घेऊ. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. त्याच्याबद्दल ‘थिबा लिव्ड इन रत्नागिरी फॉर अबाउट थर्टी इयर्स’ असंच म्हणायचं. ‘हॅज लिव्ड’ म्हटलं तर तो अजून तिथे राहतो असं होईल. पेपरात ‘फॉर’ दिसला की मुलं डोळे मिटून ‘हॅज’ लिहितात आणि फसतात. ‘फॉर’ फक्त मुदत सांगतो. ती मुदत आजपर्यंत येते की आधीच संपली, हे तुम्ही पाहायचं.

उलटी चूकही तितकीच होते. ‘कोकण रेल्वे १९९८पासून पूर्ण मार्गावर धावते’ या मराठी वाक्यात ‘धावते’ हा वर्तमानकाळ आहे, म्हणून ‘इट रन्स सिन्स १९९८’ असं लिहिलं जातं. सुरुवात मागे आणि क्रिया अजून चालू असेल तर इंग्रजीला ‘हॅज’ हवंच: ‘इट हॅज रन’ किंवा ‘इट हॅज बीन रनिंग ऑन द होल लाइन सिन्स १९९८.’ ‘मी दहा वर्षं इथे राहतो’ याचंही तसंच: ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स.’

जस्ट, ऑलरेडी, येट यांच्यासोबत अमेरिकेत साधा भूतकाळही बोलतात, ‘डिड यू ईट येट?’ असं. चित्रपटात ते ऐकून गोंधळू नका. आपल्या परीक्षांत ‘हॅव यू ईटन येट?’ हेच सुरक्षित.

आमची देवगडला आंब्याची बाग आहे. मुलगा सातवीत आहे. तो ‘वॉशेड’, ‘पॅकेड’ असं वाचतो आणि ‘डिड यू वेंट?’ असं विचारतो. घरी काय करून घ्यावं?

शब्दाच्या शेवटी ई-डी दिसलं तरी उच्चार तीन प्रकारे होतो. मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज ट किंवा ड असेल तरच ‘इड’ पूर्ण म्हणायचं: ग्रेडेड, लोडेड, एक्सपोर्टेड. शेवटचा आवाज प, क, फ, स, श, च असेल तर नुसता हलका ‘ट’: पिक्ट, वॉश्ट, पॅक्ट, रीच्ट. बाकी सगळीकडे ‘ड’: पील्ड, लेबल्ड, स्टोअर्ड. गळ्यावर बोट ठेवून शेवटचा आवाज काढायला सांगा. कंठ थरथरला तर ड, नाही थरथरला तर ट. अक्षर नव्हे, आवाज ऐकायचा हे त्याला पुन्हापुन्हा सांगा. ‘लाफ’च्या शेवटी जी-एच लिहितात, पण आवाज फचा, म्हणून ‘लाफ्ट’.

मोसमात बागेतच सराव होईल. काढणीपासून पेटी गाडीत चढेपर्यंतची कामं त्याच्याकडून क्रमानं म्हणवून घ्या: ‘वी पिक्ट देम, वॉश्ट देम, ग्रेडेड देम, पॅक्ट देम, लोडेड द बॉक्सेस.’ पाच क्रियापदांत दोन उच्चार आले. ‘कॅरीड’ आणि ‘वेड’ घातलं की तिसराही येतो. ‘वेड’ म्हणजे वजन केलं.

‘डिड यू वेंट’ची गोष्ट निराळी. भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच करायची असते आणि ती ‘डिड’ने केली आहे. मग पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं: ‘डिड यू गो?’, ‘दे डिड नॉट वॉश द मँगोज.’ ‘डझ’चंही तेच. ‘ही कम्स’मधला स ‘डझ’ने उचलला, म्हणून ‘डझ ही कम?’ हे एकदा पटलं की दोन्ही चुका बरोबरच सुटतात.

हर्णैला आमची नौका आहे. वादळात दोर तुटला, जाळं फाटलं. विम्याच्या अर्जासोबत इंग्रजीत हकीकत द्यायची होती. ‘आय ब्रोक द रोप’, ‘आय रिपेअर्ड द इंजिन’ असं लिहिलं, तर अर्ज बघणाऱ्यांनी उलटसुलट प्रश्न विचारले. चुकलं कुठे?

मराठी इथे फार काटेकोर आहे. तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं, सुटणं-सोडणं, पडणं-पाडणं: आपोआप झालं की कोणी केलं हे क्रियापदच सांगतं. इंग्रजीत ब्रेक, टेअर, सिंक, बर्न, ओपन ही क्रियापदं दोन्ही अर्थांना एकच रूप वापरतात. फरक कळतो तो फक्त क्रियापदाच्या आधी कोण उभा आहे त्यावरून. ‘द रोप ब्रोक’ म्हणजे दोर तुटला. ‘आय ब्रोक द रोप’ म्हणजे तुम्ही स्वतः तोडला, आणि विम्याच्या कागदावर हे वाक्य तुमच्याच विरोधात जातं.

‘द रोप वॉज ब्रोकन’ लिहून सुटका होईल असं वाटतं, पण त्याचे दोन अर्थ निघतात: कोणीतरी तोडला, किंवा दोर आधीपासूनच तुटलेला होता. दुसरा अर्थ घेतला तर देखभाल नीट नव्हती असा संशय येतो. म्हणून सरळ लिहा: ‘द रोप ब्रोक इन द स्टॉर्म. द नेट टोअर. वॉटर एंटर्ड द इंजिन.’ वेळ आणि तारीख प्रत्येक घटनेपाशी द्या. सगळं साध्या भूतकाळात.

इंग्रजीतही पडणं-पाडणंसारख्या थोड्या जोड्या उरल्या आहेत आणि त्या नेमक्या चकवतात. फॉल म्हणजे पडणं, त्याचा भूतकाळ फेल. पण झाड तोडून पाडणं यालाही फेल म्हणतात आणि त्याचा भूतकाळ फेल्ड. ‘द ट्री फेल’ म्हणजे झाड पडलं, ‘दे फेल्ड द ट्री’ म्हणजे त्यांनी पाडलं. लाय म्हणजे आडवं असणं, भूतकाळ ले. ले म्हणजे पसरून ठेवणं, भूतकाळ लेड. ‘द नेट ले ऑन द डेक’, पण ‘वी लेड द नेट ऑन द डेक.’ राइज आणि रेझ, सिट आणि सेट यांचंही नातं असंच. हातातली बाटली पाडली तर मात्र ‘फेल’ नको, ‘ड्रॉप्ट’ म्हणा.

आता इंजिन. ‘आय रिपेअर्ड द इंजिन’ म्हटलं तर पाना तुमच्याच हातात होता असं होतं. मग मेकॅनिकचं बिल का जोडलं, हा प्रश्न येणारच. ‘करून घेतलं’ याला इंग्रजीत ‘गॉट’ किंवा ‘हॅड’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप: ‘आय गॉट द इंजिन रिपेअर्ड.’ शब्दांचा क्रम इथे जीव आहे. ‘आय हॅड रिपेअर्ड द इंजिन’ लिहिलंत तर ‘मी त्याआधीच दुरुस्त केलं होतं’ असा वेगळाच अर्थ होतो. माणसाचा उल्लेख करायचा तर ‘आय गॉट अ मेकॅनिक टू रिपेअर इट’. ‘आय मेड हिम रिपेअर इट’ यात बळजबरीची छटा आहे, ते टाळा.

सावंतवाडीहून: ‘सजेस्ट मी अ गुड हॉटेल’ आणि ‘डिस्कस अबाउट द प्लॅन’ बरोबर आहे का?

दोन्ही नाही. ‘सजेस्ट अ गुड हॉटेल टू मी’ किंवा सरळ ‘रेकमेंड अ गुड हॉटेल’. ‘डिस्कस’मध्ये ‘विषयी’ आधीच आहे: ‘डिस्कस द प्लॅन.’

चिपळूणहून: ‘इफ इट विल रेन’ लिहिल्यावर शिक्षक गुण कापतात. पाऊस तर पुढेच पडणार आहे ना?

पुढेच पडणार आहे, पण अटीच्या भागात इंग्रजी साधा वर्तमानकाळ वापरते आणि ‘विल’ परिणामाच्या भागात ठेवते: ‘इफ इट रेन्स, द मॅच विल नॉट स्टार्ट.’ आपलीही गंमत बघा, ‘पाऊस पडला तर’ असं म्हणताना आपण चक्क भूतकाळी रूप वापरतो आणि बोलतो मात्र उद्याबद्दल. म्हणजे अटीच्या भागात भविष्यकाळ टाळणं आपल्या कानाला नवं नाही. व्हेन, अन्टिल, बिफोर, ॲज सून ॲज यांच्यानंतरही हाच नियम: ‘वेट अन्टिल द रेन स्टॉप्स.’ मात्र ‘कधी’ असा प्रश्न असेल तर ‘विल’ येतं: ‘व्हेन विल द रेन स्टॉप?’