रबरी मासा तोंडाशीच फाटतो

प्रश्न : खाडीत जिताड्यासाठी आमिष म्हणून सॉफ्ट प्लास्टिकचे मासे वापरतो. दोन-तीन फटक्यांतच ते तोंडाशी फाटून जिगहेडवरून (वजनदार डोके असलेल्या गळावरून) घसरतात. काय करावे?

उत्तर : गळ ओवण्याआधी तो माशाशेजारी धरून कुठे बाहेर येईल ते नखाने खुणवा. पुन्हा पुन्हा टोचलेले भोक सैल होते आणि चीर तिथूनच जाते. जिगहेडची मान (डोक्यामागचा भाग) कोरडी पुसा, सुपरग्लूचा एकच थेंब लावा, मासा वर सरकवून अर्धा मिनिट दाबा. जास्त ग्लूने तो भाग कडक होऊन तडकतो.

फाटलेला मासा फेकू नका! लायटरवर तापवलेले सुरीचे पाते चिरेतून फिरवा, कडा लगेच जुळवून गार होईपर्यंत धरा. हे उघड्यावरच करा, धूर घातक असतो. मात्र खूप ताणले जाणारे टीपीईचे (रबरासारख्या प्लास्टिकचे) मासे पीव्हीसीच्या, म्हणजे नेहमीच्या सॉफ्ट प्लास्टिकच्या, माशांना लागू देऊ नका, एकमेकांत विरघळतात. ते मूळ पाकिटातच बरे.