श्वास पूर्ण एक मिनिट मोज

प्रिय मुली,

मुलं आवडतात म्हणून तू बालरुग्ण वॉर्ड मागून घेतलास, आणि आता तुला बघताच मुलं रडायला लागतात, असं लिहिलंस. रडणारच. दीड वर्षाच्या पोराला गणवेश म्हणजे सुई, एवढंच ठाऊक असतं. त्याच्या हसण्यावर तुझं समाधान टांगून ठेवलंस, तर रोज हिरमुसून घरी जाशील. समाधान कामाच्या चोखपणात शोध.

म्हणजे काय, ते सांगते. श्वास पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नकोस. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. भराभर घेतं, मध्येच क्षणभर थांबतं, पुन्हा सुरू करतं. बाळ शांत असताना झबलं वर कर. बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का, ते बघ आणि मोज. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० म्हणजे श्वास प्रमाणाबाहेर भराभर चाललाय, हे आकडे तुला पाठ आहेत. पण पंधरा सेकंदांत एक श्वास हुकला की हिशोबात चार हुकतात, आणि आजारी बाळ कागदावर बरं दिसू लागतं.

मला सगळे मंद म्हणायचे. बाकीच्यांच्या नोंदी होऊन जायच्या आणि मी अजून तिसऱ्या खाटेपाशी. एका ठिकाणी इन्चार्जनं सगळ्यांसमोर मला घड्याळ दाखवलं. मी मोजत राहिले. हट्टी म्हण हवं तर, पण माझंच बरोबर होतं, असं मी आजही म्हणेन. मुलांचं शरीर फार वेळ निभावून नेतं. आधी नाडी धावायला लागते, हातपाय गार पडतात. बीपी मात्र बराच वेळ ठीक दिसतं आणि उतरतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याआधीचा बदल खाटेपाशी थांबणारीलाच दिसतो. घाईत असलेलीला नाही.

खंत आहे ती वेगळीच. माझी सुरुवातीची वर्षं, सुई लावताना आईला दाराबाहेर काढणाऱ्या वॉर्डांत गेली. मुलांना हवं तेव्हा आईवडिलांना भेटू द्यावं, असं ब्रिटनमधल्या प्लॅट समितीनं १९५९ सालीच सांगितलं होतं. मला ते फार उशिरा कळलं. तू आईला आत घे, मूल तिच्या मांडीवर असू दे. बधिर करणारं मलम लावायचं असेल तर तासभर आधी लाव, आयत्या वेळी नको. आणि ‘दुखणार नाही’ असं कधीही म्हणू नकोस. त्या एका खोटेपणानं पुढच्या सगळ्या सुया अवघड होतात.

मुलांचे वडील अंगावर ओरडतात, म्हणालीस. घाबरलेला माणूस आहे तो. त्यावर आणखी काय लिहू?

पण एक गोष्ट तू पत्रात लिहिलीच नाहीस. एका पाळीत तुझ्याकडे किती मुलं असतात? मिनिटभर थांबणं शक्यच नसेल, तर दोष तुझ्या मनात शोधत बसू नकोस. इन्चार्जना सांग, आणि लेखी दे. समाधानाच्या नावाखाली दुपटीचा भार निमूट वाहणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यातल्या चांगल्या सगळ्यात आधी नोकरी सोडून गेल्या.

बदली मागायची असेल तर माग. मी अडवणार नाही. त्याआधी काही दिवस प्रत्येक बाळापाशी पूर्ण मिनिट थांबून बघ, आणि त्या मिनिटांत काय दिसलं ते मला लिही.

तुझी,
सिस्टर