ओव्हर्टवर चाललेले सर्व्हर तसेच ठेवावेत की हलवावेत?

तुम्ही लिहिलंय की वेंगुर्ल्यातल्या तुमच्या पतसंस्थेची आठ व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक) ओव्हर्टवर, म्हणजे ती सांभाळणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते मुख्यतः बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीने त्यातून अंग काढून घेतल्याचं आत्ता कानावर आलं, तर काय करावं. मी रत्नागिरीत एका कॉलेजचे सर्व्हर सांभाळतो. आमच्याकडेही ओव्हर्टच होतं, त्यामुळे अनुभवाने सांगतो: हलवा. घाबरून उद्याच नको, पण येत्या आगोटीच्या आत हलवा.

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. २००८ मध्ये रेड हॅटने क्युमरानेट ही कंपनी घेतली, तिच्यासोबत केव्हीएम, म्हणजे लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणारा मूळ भाग, आला, आणि २०११ मध्ये ओव्हर्ट हा खुला प्रकल्प सुरू झाला. रेड हॅट व्हर्च्युअलायझेशन हे विकायचं उत्पादन त्याच्यावरच उभं होतं. पुढे कंपनीने सगळा भर ओपनशिफ्ट या आपल्या दुसऱ्या उत्पादनावर दिला. जुन्या उत्पादनाची ४.४ ही शेवटची आवृत्ती ठरली आणि तिचा नेहमीचा सपोर्ट ऑगस्ट २०२४ मध्ये संपला. ओव्हर्ट ४.५ एप्रिल २०२२ मध्ये आलं, त्यानंतर बारीकसारीक दुरुस्त्याच. ओरॅकलचं एक उत्पादन अजून याच कोडवर आहे, म्हणून प्रकल्प मेला असं मी म्हणणार नाही.

कोड खुल्या लायसन्सखाली आहे, तो कोणी काढून घेऊ शकत नाही. पण त्या कोडवर रोज बसणारी बहुतेक माणसं एकाच कंपनीच्या पगारावर होती. घर तुमच्या नावावर आहे, पण दर पावसाआधी कौलं चाळायला येणारा गडी आता येत नाही, असं समजा. पहिल्या वर्षी काही जाणवत नाही.

आम्हाला जाणवलं ते एका सोमवारी सकाळी. तिन्ही होस्ट (मशीन ज्यांच्यावर चालतात ते खरे सर्व्हर) इंजिनमध्ये, म्हणजे ओव्हर्टच्या नियंत्रण करणाऱ्या प्रोग्राममध्ये, लाल, ‘नॉन रिस्पॉन्सिव्ह’. पोटात गोळा आला. पण फीचा काउंटर चालू होता, लायब्ररी चालू होती! होस्टची सर्टिफिकेटं, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल फायली, मुदत संपून बाद झाली होती, म्हणून इंजिनचा त्यांच्याशी संवाद तुटला होता. मशीन होस्टवर आपापली चालतच होती. इंजिनच्या सीएकडून (सर्टिफिकेटं देणाऱ्या भागाकडून) हाताने नवी सर्टिफिकेटं सही करून घेण्यात दोन दिवस गेले. तुम्ही आजच सर्टिफिकेटांच्या तारखा बघा. आणि ओव्हर्टच्या इंजिन-बॅकअप या आज्ञेने रोज बॅकअप घेतो म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात इंजिनचा डेटाबेस आणि सेटिंग असतात, मशीनच्या डिस्क नसतात.

आम्ही प्रॉक्समॉक्सवर, तेच काम करणाऱ्या दुसऱ्या खुल्या सॉफ्टवेअरवर, गेलो. एक्ससीपी-एनजी हा आणखी एक पर्यायही चांगला आहे, पण तो केव्हीएमऐवजी झेनवर चालतो. प्रॉक्समॉक्सखाली केव्हीएमच आहे, त्यामुळे विंडोज मशीनमध्ये आधीच टाकलेले व्हर्टआयओ ड्रायव्हर (व्हर्च्युअल डिस्क आणि नेटवर्क चालवणारे) तसेच चालतात. प्रॉक्समॉक्सच्या मागेही व्हिएन्नाची एकच कंपनी आहे, हे माहीत असूनच आम्ही गेलो. म्हणून आता डिस्कच्या स्वतंत्र प्रती दर आठवड्याला बाहेर काढून ठेवतो.

हलवताना आधी सगळे स्नॅपशॉट (मशीनच्या त्या-त्या वेळच्या जपलेल्या स्थिती) काढून टाका, नाहीतर एका डिस्कच्या चार फायलींची साखळी निघते. एनएफएस स्टोरेज (नेटवर्कवरून वापरायचं फायलींचं साठवण) असेल तर फायली सरळ कॉपी होतात, पण त्यांची नावं म्हणजे लांबलचक आयडी. कुठला आयडी कुठल्या मशीनचा, हे इंजिन चालू असतानाच वहीत लिहून घ्या. इंजिन बिघडल्यावर ते शोधत बसणं फार जिकिरीचं. लिनक्स मशीनमध्ये नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं आणि लावून दिलेला आयपी हरवतो. आमचं पहिलं मशीन उठलं, पण पिंग होईना (नेटवर्कवरून उत्तर देईना), त्याचं कारण हेच.

सुरुवात सगळ्यात बिनमहत्त्वाच्या मशीनपासून करा. ठेवींचा हिशोब असलेलं मशीन शेवटी घ्या, शनिवारी व्यवहार बंद झाल्यावर. जूनमध्ये मात्र नको, वादळवाऱ्यात लाईट गेली आणि कॉपी अर्ध्यावर तुटली तर रात्र जाते. जुनं मशीन महिनाभर मिटवू नका, फक्त बंद ठेवा, आणि ते आपोआप सुरू होणार नाही हे बघा. एकाच आयपीची दोन मशीन जागी झाली तर कुठली नोंद कुठे गेली ते कळत नाही.